करारनामा वाचणाऱ्या तायडे बाई

तायडे बाई खुर्चीत बसून फाईल वाचत नसत. कागद हातात आला की त्या उठायच्या आणि खिडकीपासून कपाटापर्यंत येरझारा घालत, ओळीखाली बोट सरकवत, पुटपुटत वाचायच्या. मधेच थांबायच्या. त्या थांबल्या की समोरचा सावरून बसायचा, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "आन नाही झालं तं?"

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगर परिषदेत, मी कंत्राटी शहर समन्वयक म्हणून रुजू झालो होतो. छोटी शहरंही आता स्मार्ट करायची होती. आमच्या शहराचा पाणीपुरवठा पंचवीस वर्षांसाठी एका खाजगी कंपनीच्या भागीदारीत चालणार होता. घरोघरी नवे मीटर, टाक्यांवर सेन्सर, आणि कोणत्या प्रभागात पाणी पोचलं ते कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर दिसणार. तायडे बाई कार्यालय अधीक्षक. मी लॅपटॉपवर त्यांना सगळं उत्साहानं दाखवलं. त्यांनी ते उभ्यानंच पाहिलं आणि तो प्रश्न विचारला.

"म्हणजे?" मी म्हणालो.

"म्हंजे पाणी नाही चढलं तं. कंपनी निंघून गेली तं. तुम्ही सगळीकडे 'होईल, होईल' लिहून राह्यले, भाऊ. नाही झालं तं काय, हे कुठी लिहिलं?"

निवृत्तीला आलेली, प्रत्येक कामात खोडा घालणारी बाई, असं मी मनात ठरवून टाकलं. कार्यालयातही त्यांच्याबद्दल तसंच बोललं जाई. त्यांच्या टेबलावरून फाईल हलत नाही, असं म्हणत. खरं तर त्यांच्या हातात फाईल सतत हलत असे. स्थिर बसणं त्यांना जमतच नव्हतं. चहासुद्धा त्या खिडकीशी उभ्या राहून घ्यायच्या.

एवढं वाचायची सवय कशी लागली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्या मूळच्या जानेफळच्या. त्यांच्या वस्तीतून नोकरीला लागलेली पहिली मुलगी. पहिल्याच वर्षी, टंकलेखक असताना, त्यांच्याकडे एक आदेश आला. बोटं पटापट चालायची, त्याचं साहेबांनी कौतुकही केलं. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या भाजीवाल्या बायांना त्याच आदेशानं उठवलं गेलं. त्यांत त्यांची सख्खी आत्या होती. "म्या टाइप केलं होतं," बाई म्हणाल्या, "वाचलं नव्हतं." एवढं सांगून त्या पुन्हा चालायला लागल्या.

कंपनीच्या कराराचा मसुदा छत्तीस पानांचा होता. बाई आठवडाभर तो घेऊन फिरत होत्या. एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी येऊन थांबल्या. चौदावं कलम असं होतं की योजना सुरू झाल्याच्या दिवसापासून शहरातले सगळे सार्वजनिक नळ बंद करण्यात येतील. मी म्हणालो, यात वावगं काय, घरोघरी नळ येणारच आहेत. बाईंनी वाद घातला नाही. "चला" म्हणाल्या आणि मला टेकडीवर घेऊन गेल्या.

टेकडी म्हणजे शहराच्या कडेची, चढावरची वस्ती. तिथे तीनच सार्वजनिक नळ, आणि त्यांवर दीडेकशे घरं. भर उन्हात हंड्या-गुंडांची रांग लागलेली होती. बाईंनी मला नळाच्या पुढे, आणखी वर, शेवटच्या घरापर्यंत चालवलं. मला दम लागला. पाणी इथवर चढवायला वेगळा पंप लागला असता, आणि तो पंप कराराच्या पहिल्या टप्प्यात नव्हता, हे मला तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं. योजना सुरू झाली की खालचे नळ बंद होणार होते आणि वर पाणी येणार नव्हतं.

बाईंनी सभेपुढे जाणाऱ्या टिपणीत आपला अभिप्राय लिहिला: प्रत्येक घरी पाणी पोचल्याशिवाय नळ बंद करू नयेत. मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. प्रस्ताव मुदतीत गेला नाही तर शहराचा नंबर जाईल, कंपनी दुसरीकडे वळेल, असं ते म्हणाले. टिपणी नव्यानं लिहा, थोडी सुटसुटीत करा, एवढंच त्यांनी सांगितलं. काय काढायचं ते बोलले नाहीत. मी ते वाक्य काढलं. माझ्या कराराची मुदत त्याच महिन्यात वाढायची होती.

सर्वसाधारण सभेत विषय सभागृहापुढे वाचून दाखवायचं काम अधीक्षकांचं. एरवी शीर्षक वाचलं की नगराध्यक्ष म्हणत, वाचलं असं समजा. त्या दिवशीही ते तेच म्हणाले. बाई उभ्याच होत्या. "पंचवीस वर्षांचं हाय साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "एक डाव वाचू द्या." नियमानं त्यांना अडवता येत नव्हतं.

त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. तासभर नुसते आकडे आणि अटी. काही सदस्य चहाला उठून गेले, काही मोबाइल पाहत होते. कंपनीचे प्रतिनिधी घड्याळ बघत होते. मला मात्र खुर्चीत बसवेना, कारण चौदावं कलम जवळ येत होतं. बाईंनी ते आवाज न चढवता वाचलं. मग तेच पुन्हा एकदा वाचलं.

टेकडीच्या नगरसेविका शेवंताबाई तीन वर्षांत सभेत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या. "थांबा बाई. म्हंजे आमच्या घरी पाणी यायच्या आंधीच नळ बंद?"

मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदांकडे पाहिलं. कंपनीचे प्रतिनिधी म्हणाले की ही तांत्रिक बाब आहे.

"पाणी भरनं तांत्रिक नसते, दादा," शेवंताबाई म्हणाल्या.

मग सगळेच जागे झाले. चहाला गेलेले परत आले. ज्याला त्याला आपल्या प्रभागातला उंचवटा आठवायला लागला. शेवटी करार मंजूर झाला, पण चौदावं कलम बदलून. एखाद्या प्रभागातल्या प्रत्येक घरी सलग तीस दिवस पाणी आल्यावरच तिथला सार्वजनिक नळ बंद होईल, असं त्यात आलं.

चार महिन्यांनी बाईंची मोताळ्याला बदली झाली. आदेशात कारण नव्हतं. तोही त्यांनी येरझारा घालत पूर्ण वाचला, पोच दिली आणि निघाल्या.

कंपनी आली. खालच्या शहरात काम खरोखर चांगलं झालं. गळती थांबली, पाणी वेळेवर यायला लागलं. टेकडीचा पंप मात्र पुढच्या टप्प्यात गेला आणि तिथेच राहिला. पडद्यावर तो प्रभाग हिरवा दिसतो, कारण पाणी पायथ्याच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. बाहेरून पाहणीला येणारे पडद्याचे फोटो काढून जातात. वरच्या बाया अजून त्या तीन नळांवर पाणी भरतात. नळ आहेत, ते चौदाव्या कलमातल्या त्या एका दुरुस्तीमुळे.

हे सांगायला मी मागच्या वर्षी मोताळ्याला गेलो. बाजाराचा दिवस होता, कार्यालय अर्धं रिकामं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवंताबाईंची तब्येत विचारली. मग मी जे सांगायला खरा आलो होतो ते सांगितलं. टिपणीतलं तुमचं वाक्य मी काढलं होतं.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "टिपणी तुमच्या भाषेतली होती."

"तुम्हाला राग नाही आला?"

त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "राग नाही आला, भाऊ. भेव वाटलं. न पाहता करनारा मानूस मले समजते, मी बी तशीच होती. तुम्ही तं टेकडीवर येऊन, सोताच्या डोळ्यानं पाह्यलं होतं."

मग त्यांनी डबा उघडला, अर्धी भाकर आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला आणि जेवा म्हणाल्या. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून राहिलो. त्या रागावल्या असत्या, तर तो खाता आला असता.