बावखलातला फणस

दिवाळीचा पाडवा: फणसाच्या तुळया सातिवलीच्या गॅरेजात पोचवल्या. स्वीकारणारे, गॅरेजमालक. गुढीपाडवा: दुरुस्त गाडी ताब्यात मिळाली. देणारे, तेच मालक आणि त्यांचा सुतार. दसऱ्याचा आदला दिवस: गाडीचा तळ खचला. जबाबदार, पुन्हा तेच दोघे. भोगले मात्र माझ्या पत्नीने.

आमचा कॅम्पर म्हणजे एक जुनी व्हॅन. आत पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी. ही टाकी गळून तळाच्या तुळया कुजल्या होत्या. नवे लाकूड कोणते घ्यावे, यावर आमच्या घरात रीतसर सुनावणी झाली. मी साग सुचवला.

"सागाच्या नावाखाली काय काय विकतात ते तुम्हीच पेपरांना पत्रे लिहून सांगत असता," पत्नी म्हणाली. "आपला फणस आहे ना बावखलात."

वाडीतला फणस वादळात पडला होता. त्याच्या तुळया कापून आम्ही त्या बावखलात, म्हणजे वाडीच्या तळ्यात, बुडवल्या होत्या. आगाशीच्या वाड्यांतली ही जुनी रीत आहे. लाकूड पावसाळाभर गाळात दडपून ठेवायचे, त्यातला गोडवा पाण्यात उतरू द्यायचा, मग सावलीत वाळवायचे. असे लाकूड ना लवकर कुजते, ना वाळवीच्या पसंतीस उतरते.

तुळया पोचवल्या त्या दिवशी गॅरेजमालकांनी नाक मुरडले होते. "काका, हे चिखलातलं लाकूड? वास मारतंय. मस्त प्लाय टाकून देतो ना."

"हेच बसवायचे," मी म्हणालो, आणि तसे लेखीही दिले.

गाडी परत आली तेव्हा तळाला सर्वत्र काळा जाड लेप होता. दाराजवळची एकच फळी उघडी ठेवलेली, हळदीसारखी पिवळी. "बघा काका, तुमचाच फणस." आम्हा वाडीवाल्यांना फणस रंगावरून ओळखायची सवय. मी फळीवर हात फिरवला आणि निश्चिंत झालो. त्या गॅरेजात आमची ही सवय माझ्याआधी पोचलेली होती.

उन्हाळ्यात पत्नीच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. लांबचा प्रवास करायचा तर आडवे पडूनच, अशी डॉक्टरांची अट होती. तिची थोरली बहीण मालवणला अंथरुणाला खिळलेली. तिला एकदा भेटावे, एवढ्यासाठीच तर तो पलंग होता. पाऊस सरला आणि आम्ही निघालो. बहिणीसाठी घेतलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पिशवीत होती. पत्नी दारातली फळी ओलांडून आत गेली, आणि दुसऱ्याच पावलाला तिचा पाय घोट्यापर्यंत तळात रुतला.

मी तिला धरून बाहेर काढले. ती खुर्चीत बसली, घोटा चोळला आणि म्हणाली, "अहो, आता लिहा पत्र. वाळवीला लिहा."

मी लेप खरवडला. आत पांढरे, वाळवीने पोखरलेले भुसभुशीत लाकूड, त्यात खोक्यांच्या पिना अजून तशाच रुतलेल्या. गोदामांतून फेकून देतात त्या पेट्यांचे पाइन. पिवळी फळी तेवढी शाबूत होती.

मालक फोनवर म्हणाले, "काका, फणसच सडला. गावठी लाकूड, त्याला मी काय करणार?"

त्यानंतर मी पत्रे लिहिली. नोटीस पाठवली. ती स्वीकारल्याची पोच आली, उत्तर आले नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत देवदिवाळी आली आणि मालवणहून निरोप आला की आता येण्याची घाई करू नका. सुकेळी डब्यात काळी पडली. पत्नीने तो डबा अजून कोणाला उघडू दिलेला नाही.

म्हणून आता पत्र नाही, जाहीर मागणी. त्याच झाडाचा एक तुकडा आजही आमच्या बावखलात आहे. मालकांनी येत्या रविवारी आगाशीच्या बाजारात यावे, सुतारालाही आणावे. मी तो तुकडा सर्वांसमोर पाण्यातून काढीन आणि त्याच्या शेजारी त्यांनी बसवलेली तुळई ठेवीन. मग त्यांनी चार लोकांच्या देखत दोनच प्रश्नांची उत्तरे द्यावीत. माझ्या तुळया कोठे गेल्या? आणि ती एक फळी दारातच का लावली? माझी पत्नी समोरच्या खुर्चीत बसलेली असेल. उत्तर तिच्याकडे पाहून द्यावे.