फोनातल्या जाधवबाई

कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणारी सकाळची एसटी आंबा घाट उतरेपर्यंत माझं डोकं खिडकीवर तीनदा आपटलं होतं. स्वभाव मुळातच तिरसट, तो आणखी तिरसट झाला. निवृत्त मुख्याध्यापकाला लोक एकतर देवळाच्या कामाला जुंपतात, नाहीतर पुरस्कारांच्या. शाळेत तंत्रज्ञानाचा चांगला वापर करणाऱ्या शिक्षकांना एक संस्था दरवर्षी गौरवते. अर्ज आलेल्या शाळेत जायचं, पाठ डोळ्यांनी पाहायचा आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम. आजवर पाहिलेल्या शाळांमधून भिंतीएवढे पडदे होते, आणि मी गेलो की ते हटकून बंद पडायचे.

पालीला गाडी चहाला थांबली. भजी गरम होती, पण वाहकाने घाई केली आणि अर्धा चहा माझ्या फाइलवर सांडला. आत एकच अर्ज होता, पावसजवळच्या एका वाडीतल्या जाधवबाईंचा. साधन म्हणून त्यांनी लिहिलं होतं, 'एक जुना मोबाइल'.

रत्नागिरी स्थानकाबाहेर रिक्षा केली. शहर मागे पडलं आणि कातळ (जांभ्या दगडाचा उघडा सडा) सुरू झाला. मग हापूसच्या बागा, मोहोराचा वास, आणि झाडांच्या फटीतून मधूनच समुद्र. शाळेचं नाव ऐकून रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

"जाधवबाईंसाठी आलात काय? माजी पोर श्रावणी हाय त्यांच्या वर्गात, तिसरीला. तेवढा पुरस्कार द्या वो त्यांना. नायतर हापिसात टेबलावर बसवणार म्हणतात."

"का?"

"बगालच तुमी."

बाई दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, गळ्याभोवती सुती रुमाल. मी नमस्कार केला, त्यांनी हात जोडले आणि पाटीवर लिहून दाखवलं: 'घशाचा कर्करोग. स्वरयंत्र काढलं. बसा सर.' मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

बाईंनी मोबाइल टेबलावर ठेवून बटण दाबलं आणि वर्गात त्यांचाच आवाज आला, खणखणीत, कोकणी हेल काढणारा. टाळेबंदीत मुलं घरी होती, तेव्हा बाईंनी धडे बोलून या मोबाइलमध्ये भरले होते आणि वाडीवाडीत पोचवले होते. प्रश्न विचारून त्या थांबायच्या, मुलाला उत्तर द्यायला लागेल तेवढंच. कुणाचं लक्ष कधी उडणार हे ठाऊक असल्याने रागावणंही अंदाजाने आधीच भरून ठेवलं होतं. आता त्या थांबण्यात समोरची मुलं उत्तरं देत होती. बाई फळ्यावर लिहीत होत्या, चुकलं तर आवाज थांबवत होत्या, वहीवर बोट ठेवत होत्या.

"ओंकार, तू सांग," मोबाइल म्हणाला, आणि एक मुलगी उभी राहिली.

"तुझं नाव ओंकार?" मी विचारलं.

"नाय. मी श्रावणी. पण फोनात मी ओंकार."

त्या वेळची मुलं आता हायस्कुलात गेली होती. त्यांची नावं या मुलांनी आपसात वाटून घेतली होती. थोड्या वेळाने श्रावणी उगाचच खिडकीबाहेर बघू लागली. मी चिडलो, डोळे वटारले. तेवढ्यात मोबाइलमधल्या बाई ओरडल्या, "ओंकार, बाहेर काय बघतोस? हिकडं लक्ष दे!" श्रावणीने झटकन मान वळवली. बाईंचं रागावणं फुकट जाऊ नये म्हणून ती आधीपासून बाहेर बघत बसली होती. मला रडू आलं. चष्मा पुसायच्या निमित्ताने मी तोंड लपवलं.

मधल्या सुट्टीत बाईंनी डबा उघडला. घावणे (तांदळाची मऊ, जाळीदार धिरडी) आणि गूळ घातलेला नारळाचा रस. इतके चांगले घावणे मी कधी खाल्ले नव्हते.

"सगळे धडे आहेत का भरलेले?" मी विचारलं.

त्यांनी लिहिलं, 'बाराच. मग शाळा उघडली. आता तोंडाने शिकवायचं म्हणून बंद केलं. तेव्हा काय माहीत.' पाटी पुसून पुन्हा लिहिलं, 'पुढचं मी फळ्यावर लिहिते, मुलं वाचतात. जमतं. वर्ग तेवढा काढून घेऊ नका म्हणावं.'

परतीच्या एसटीत मी अहवाल काढला. 'पाठ अर्जदाराने स्वतः शिकवला काय?' या रकान्यात लिहिलं, 'होय'. तिथेच थांबायला हवं होतं. पण मुलांच्या उत्तरांखाली जन्मभर 'स्पष्ट करा' लिहिलेला माणूस मी. खाली सहा ओळी लिहिल्या: आवाज आधी भरलेला, बाईंना बोलता येत नाही, तरी शिकवणं त्यांचंच. ओळी चांगल्या उतरल्या म्हणून खूशही झालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. संस्थेच्या समितीने नेमक्या त्याच ओळी वाचल्या आणि पाठ 'स्वतः शिकवलेला नाही' असं ठरवलं. मी भांडलो, दोन पत्रं लिहिली. अर्ज बाद झाला तो झालाच.

निकाल कळवायला मी सवयीने फोन लावला. घंटी वाजू लागल्यावर भानावर आलो, पण तोवर फोन उचलला गेला होता. पलीकडे फक्त श्वास. मी सगळं सांगितलं, त्या सहा ओळींसकट. क्षमा मागितली. पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज आला आणि मग बाईंच्या शेजारून श्रावणी बोलली.

"सर, बाई लिवतायत, तुमी खरं तेच लिवलंत, वाईट वाटून घेऊ नका." ती घुटमळली. पुढचं पाटीवरचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. "म्हंजे आता बाईंना नेणार काय वो?"

"नाही गं, कोण नेतंय," मी म्हणालो. अहवालात जे मला जमलं नाही ते इथे सहज जमलं.

पंधरा दिवसांनी बाईंना तालुक्याच्या कार्यालयात टेबल मिळालं. प्रवासातून परतताना माणूस काहीतरी मिळवून येतो म्हणतात. मला एवढंच वाटतं, की त्या वाडीत माझ्याऐवजी एखादा आळशी माणूस जायला हवा होता. 'होय' लिहून तो झोपला असता.