टाकीवरचं झाकलेलं पातेलं

वाळवंटातनं परत आलं की बुटातली वाळू झटकायची. चार दिवसांनी बघावं तर पुन्हा मूठभर निघते! माझे किस्से तसेच आहेत. दरवेळी वाटतं, संपले. मग कट्ट्यावर कुणीतरी म्हणतं, "इब्राहिमभाई, त्या अमेरिकन विटीदांडूचं सांगा ना," की झालं.

साठ ते सत्तरच्या मधली गोष्ट. युएई हे नाव अजून कुणी ऐकलेलं नव्हतं. अबुधाबी शहरापासून लांब आत, वाळूत, तेलाची विहीर खोदणाऱ्या कंपनीचा कॅम्प. मी पाईप उचलणाऱ्या गँगमध्ये. शाळा चौथीपर्यंत, राग मात्र मॅट्रिक पास!

दर जुम्याला, शुक्रवारी, सुट्टी. अमेरिकन लोक बेसबॉल खेळायचे, माणसं कमी पडली की आम्हाला ओढायचे. आणि हॅंक नावाचा एक इंजिनिअर प्रत्येकाचा आकडा काढून पाण्याच्या टाकीवर खडूनं लिहायचा. किती वेळा बॅट घेऊन उभा राहिलास, त्यातल्या किती वेळा स्वतः मारून बेसवर, म्हणजे धावत पुढच्या ठाण्यावर, पोचलास, याचा भागाकार. बस, तेवढ्यावर माणसाची किंमत!

*

पहिल्यांदा माझ्या नावापुढं हॅंकने लिहिलं, तीनशे.

मी म्हटलं, "साहेब, मी तीनशे मारले कधी?"

हॅंकने वाळूत रेघा मारून दाखवलं. हजारात तीनशे, म्हणजे दहात तीन. बाकीच्या सातवेळा मी आऊट!

माझं डोकंच फिरलं. दहातनं सातवेळा गाढव ठरलो, ते सगळ्या कॅम्पला दिसेल असं टाकीवर लिहायचं? बॅट उचलून मी टाकीकडे निघालो. तर हा बाबा पळत आला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "एब्राहिम, व्हेरी गुड! अमेरिकेत तीनशेवाल्याला लोक डोक्यावर घेतात!"

मी तिथंच थांबलो. म्हटलं, "सातवेळा हरलेल्याला डोक्यावर घेतात? मग मुलुख बरा आहे तुमचा. मला पत्ता द्या!"

*

गुलखान आमचा क्रेन ड्रायव्हर. पठाण गडी, माझ्याच खोलीत राहायचा. एका मॅचला तो समोरच्या टीममध्ये होता. मी बॉल उंच मारला, तो सरळ त्याच्या ओंजळीत. लहान पोरानं पण पकडला असता. गुलखानने सोडला! मी धावत बेसवर, एकदम खूष.

टाकीवर बघतो तर आकडा खाली.

"हॅंक साहेब, मी पोचलो ना बेसवर?"

"पोचलास. पण त्याच्या चुकीनं पोचलास. ते तुझं नाही. हिशोबात तू आऊट."

तेवढ्यात गुलखान दात काढत आला. "यारा, तुम्हारे लिए छोड दिया! एक कमरे में सोते हैं!"

मी त्याची मानगूटच धरली. "तुझ्या मेहेरबानीनं माझा आकडा गेला, गाढवा! पकडायचा होता तर पकडायचास, नाहीतर लांब तरी उभं राहायचं होतंस!"

चार दिवस बोललो नाही त्याच्याशी. पाचव्या दिवशी त्यानं माझे कपडे धुवून ठेवले. मग काय करता? बोललो.

*

आता शर्फूमामू. शर्फुद्दीन, आमचा भंडारी. म्हणजे कॅम्पचा कुक. दाभोळ खाडीकडचा. उंचीनं बेताचा, पोटानं भरपूर. बाजारात मासळी घेताना पहिल्या हाकेला हात पुढं करायचा नाही, ही त्याची सवय. बॅटिंगला पण तेच! बॅट हलवायचाच नाही.

खेळाचा नियम असा, की बॉल बॅटवाल्याच्या छातीच्या खालनं आणि गुडघ्याच्या वरनं गेला तरच खरा. लांबनं गेलेले चार झाले की बॅटवाला फुकट बेसवर जातो. पण कसल्याही बॉलवर बॅट फिरवून तीनदा हुकला की आऊट. मामू काय करायचा, चुलीपुढं फुंकणी घेऊन बसावं तसा उकिडवा बसायचा! छाती गुडघ्याला टेकलेली. बॉल जाणार कुठनं? टेक्सासचा बिली बॉल टाकायला असायचा. घामाघूम व्हायचा, शिव्या द्यायचा. चार बॉल झाले की मामू कमरेचा टॉवेल सारखा करत, डुलत डुलत बेसवर.

मी ओरडायचो, "मामू, लाज वाटत नाही? मारा की एकदा!"

"तू मारतोस त्याला मारणं म्हणतात काय? तू बॉलवर सूड घेतोस, इब्र्या!"

घोळ झाला आकड्याचा. फुकट बेसवर गेलेलं हिशोबात धरत नाहीत, ना मारण्यात, ना आऊटमध्ये. मामू प्रत्येक वेळी फुकट! म्हणजे शून्याला शून्यानं भागायचं. हॅंकने आपली सरकती फूटपट्टी काढली, इकडे ओढली, तिकडे ओढली, शेवटी कपाळाला हात लावला. "याचा आकडाच नाही!"

"नाही कसा?" मामू म्हणाला. "क्रिकेटमध्ये नाबाद असतो तसा मी नाबाद. माझं नाव सगळ्यांच्या वर पाहिजे. नाहीतर उद्यापासनं नुसती डाळ!"

डाळीचं नाव काढल्यावर सगळा कॅम्प मामूच्या बाजूनं. हॅंकने नाव वर लिहिलं आणि आकड्याच्या जागी चित्र काढलं, झाकण लावलेलं पातेलं. म्हणाला, "आत काय शिजतंय ते अल्लाला ठाऊक. ज्या दिवशी हा आऊट होईल त्या दिवशी झाकण उघडेल. शून्य! नाव सगळ्यात खाली."

*

एकदा शमाल सुटला. उत्तरेचं वारं, दोन दिवस वाळूचा मारा. टाकी घासून लख्ख! सगळे आकडे गेले.

हॅंक कागदबिगद काही ठेवत नसे. त्यानं सगळ्यांना लायनीत उभं केलं आणि ज्याचा त्याला विचारून पुन्हा लिहिलं. बिलीचा आकडा वाढला. गुलखानचा तर दुप्पट झाला! खेळायला कधी न आलेल्या टाइमकीपरलासुद्धा दोनशे आठवले.

हॅंक खडू झटकत म्हणाला, "या वाऱ्यासारखा कोच सगळ्या अमेरिकेत नाही!"

मामूची पाळी शेवटी आली. "माझं पातेलं होतं तेवढंच काढा साहेब. मोठं नको. मोठ्याला घासायला फार लागतं."

*

आता शेवटचा. हा मी रोज सांगत नाही.

ईद जवळ आली. कंपनीचं छोटं विमान दुबईला जाणार, तिथनं मुंबईची आगबोट. ईदच्या आधीची शेवटची. विमानात सीट एकच रिकामी. मागणारे सगळेच!

माझी मुलगी जन्मली तेव्हा मी इथं. तिला बघितलं नव्हतं. गावाकडनं आलेल्या एकाबरोबर फोटो आला होता, तो मी खाटेवर चिकटवला होता. मामू डबा द्यायला आला की फोटोकडे बघून विचारायचा, "चालायला लागली काय रे?" मी म्हणायचो, "मला काय विचारता? तिला विचारा!"

मामूला पण जायचं होतं. तीन ईदी त्यानं बायकोला वायदे करून घालवल्या होत्या. तिनं निरोप धाडला होता, "या ईदला आला नाहीत तर शिरखुर्मा शेजारणीला देईन आणि सांगेन, आमचे हे वारले!" मामूने ट्रंक भरून स्वयंपाकघरात आणून ठेवली होती. तिच्यावरच बसून कांदे सोलायचा.

मोठ्या साहेबाच्या तंबूत मी टेबलावर हात आपटला. गुलखान रडला. बिलीला दुबईत सुट्टी मारायची होती, त्यानं खुर्ची फेकली. साहेब वैतागला. "खलास! जुम्याच्या मॅचनंतर टाकीवर ज्याचं नाव वर, तो जाईल. आकडा भांडत नाही!"

टाकीवर वर कोण? पातेलं! त्याच्याखाली मी.

मी मामूकडे गेलो. "माणसाला हरवीन मी. पातेल्याला कसा हरवू?"

"नको हरवू. कांदे घे, सोल," मामू म्हणाला.

जुम्याला मी जीव तोडून खेळलो. बॉल असा हाणला, की उंटांच्या पलीकडे जाऊन पडला. गुलखानने या खेपेला तो पकडायला खरोखर जीव टाकला, तोंड भरून वाळू खाल्ली, पण पोचला नाही. माझा आकडा वाढला. तरी दुसराच! पातेल्याच्या वर काय असतं?

सगळ्यात शेवटी मामूची पाळी. त्यानं फक्त नेहमीसारखं बसायचं होतं. मी बाजूला वाळूत पाठ करून बसलो. बघवेना.

मागनं बिली ओरडला, "हे! कुक!"

वळून बघितलं. मामू उभा होता. सरळ! ताठ! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कळलं, की या माणसाला मान पण आहे.

पहिला बॉल हातभर लांबनं गेला. मामूने बॅट फिरवली. हवेत.

"मामू! सोडा तो! बसा खाली!" मी ओरडलो. कुणाच्या बाजूनं ओरडतोय ते माझं मलाच कळेना.

दुसरा जमिनीवर आपटून आला. मामूने फिरवली. टोपी उडाली.

बिलीनं बॉल हातात धरून ठेवला. मामूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मामू म्हणाला, "यल्ला यल्ला, टाक लवकर! चुलीवर भात आहे!"

तिसरा बॉल डोक्यावरनं गेला. मामूने अशी बॅट फिरवली, की स्वतःभोवती गिरकी घेऊन खालीच बसला.

आऊट.

हॅंक टाकीजवळ गेला, बाहीनं पातेलं पुसलं आणि मामूचं नाव तळाला लिहून पुढं वाटोळं शून्य काढलं. हळूहळू काढलं.

मी धावत गेलो, मामूचे खांदे धरून गदागदा हलवले. "अहो, डोळे फुटले काय तुमचे? काय केलंत हे?"

मामूने टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"ओरडतोस काय? रोज बसून बसून पाय आखडले होते. जरा उभा राहिलो. आणि हे बघ, विमानात माझी ट्रंक ने. तुझी ती पत्र्याची पेटी पोरीसमोर उघडू नको, घाबरेल ती!"