वायसरच्या टेबलावरची गयाबाई

बारा बायका एका टेबलाभोवती बसवा, किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. पडेगावच्या वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. रबराचे वायसर, म्हणजे वॉशर, तपासायचे, खराब ते बाजूला काढायचे, एवढंच काम. पण दुष्काळाच्या त्या दोन वर्षांतलं एकेक आठवलं की आजही एकटाच हसतो.

*

किमान वेतनाचा नवा दर आला. तो सगळ्यांना दिसेल असा लावायचा, हा नियम. आमचे मालक अण्णा नियमाचे पक्के! कागद लावला, पण थेट पंख्याच्या वर. म्हणे, "वाऱ्यानं उडू नये!"

गयाबाईनं स्टूल ओढलं आणि सातवी शिकलेल्या शकीलाला वर चढवलं. "मोठ्यांदी वाच गं. मला वाचता येत नाय, पर ऐकू लई चांगलं येतं!"

*

दुसऱ्या दिवशी अण्णा यादी घेऊन आले. "आता नगावर पैसे नाहीत, दिवसाचा पगार. तो बाराजणींचा परवडत नाही, चौघी कमी होणार." पहिलं नाव गयाबाईचं. मेंढरं विकून इथं आलेली, घरात कमावणारी एकटी, पण हात सगळ्यांत संथ. तिचा चेहरा बघवेना.

शकीला उठली. "उसका नाम पैले लिखे? तो नीचे हम ग्यारा का भी लिखो! फिर तुमीच बैठो वायसर चुनते!"

अण्णा नरमले. "एक महिना बघतो."

*

टँकरचा हॉर्न वाजला की टेबल रिकामं! अण्णा ओरडायचे, "पगार मी देणार आणि ह्या रांगेत?" मी म्हटलं, "टँकर आपल्याच गेटवर बोलवा की!"

"हे वर्कशॉप आहे का पाणवठा?" असं म्हणत त्यांनी बोलावला. दुसऱ्या दिवसापासून बायका अर्धा तास आधीच हजर, हंड्यांसकट! पूर्वी दर आठवड्याला कुणीतरी काम सोडायची. आता कुणी हलेना. नवीन कुणाला शिकवायचं नसल्यानं मला कंटाळा येऊ लागला!

*

अर्धा महिना सरला तशी मला धास्ती. गयाबाईला म्हटलं, "मावशी, हात जरा उचला."

"नगावर पैसे व्हते तवा पळवला की हात, जमंल तेवढा. आता नीट बघून टाकते." बोलता बोलता तिनं शकीलाच्या तपासलेल्या खोक्यातून दोन खराब वायसर काढले. "शंभर मेंढरांत लंगडं कोणतं, ते मला कुणी दावावं लागत नव्हतं!"

त्या दिवसापासून सगळ्यांची खोकी मी शेवटी तिच्या हाताखालून काढली.

*

महिना भरला त्याच दुपारी माल घेणाऱ्या कंपनीचे साहेब आले. माल परत आला असणार म्हणून अण्णांचा चेहरा पडला.

"पूर्वी खोक्याखोक्यात खराब माल निघायचा," साहेब म्हणाले. "या वेळी एकही नाही! तपासणीचं नवं मशीन घेतलं वाटतं. दाखवा की!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी खूण केली तिकडे, कोपऱ्यात भाकरीचं फडकं सोडून बसलेल्या गयाबाईकडे.

"दाखवतो साहेब, पण अर्धा तास थांबावं लागेल. मशीन जेवायला बसलंय."