घर पास होईपर्यंत

भिंत तिसऱ्यांदा उघडलेली बघून माझं डोकं फिरलं. शनिवारची सकाळ, बाहेर धुकं, शेजारच्या गोठ्यातून गाईंचा वास, आणि भाड्याच्या शेडमध्ये आमचं ते घर पोटातला फोम दाखवत उभं. आदल्याच शनिवारी त्या भिंतीचे स्क्रू मी स्वतः आवळले होते. तळहाताला फोड आले होते. आता तेच स्क्रू आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गोळा झाले होते आणि माझा मित्र गुडघ्यांवर बसून प्लायवूडची फळी वजनकाट्यावर ठेवत होता.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"जड आहे. इथे पातळ प्लाय चालेल."

"हे गेल्या शनिवारी नाही कळलं?"

"तेव्हा नव्हतं वाटलं," तो म्हणाला आणि पुढची फळी उचलली.

हे घर म्हणजे मासेमारीचं घर. जुन्या ट्रेलरच्या सांगाड्यावर उभारलेली, दोन माणसं जेमतेम बसतील एवढी खोली. तळाला झाकणं असलेली दोन गोल भोकं. गाडीला जोडून गोठलेल्या तळ्यापर्यंत न्यायची, हातानं ढकलत बर्फावर घालायची, हँडल फिरवून चाकं वर घ्यायची, की खोलीचा तळ बर्फाला टेकतो. मग आत बसून बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि वाट बघायची. मित्र पूर्वी काही वर्षं अमेरिकेच्या उत्तरेकडे कामाला होता. तिकडे हिवाळ्यात तळ्यांवर अशा घरांच्या वाड्याच वसतात म्हणे. आम्ही राहतो त्या म्युनिकच्या आसपासही तळी भरपूर, पण ती धड गोठत नाहीत, आणि गोठली तर बर्फावर पाय ठेवू नका अशी पाटी लागते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा सगळा प्रकार.

त्यातून मी पुण्याच्या शाकाहारी घरातला. मासा मी काचेच्या पेटीत पोहताना पाहिलाय, ताटात कधी घेतला नाही. मित्र मालवणकडचा. इथे गळ टाकायला परीक्षा द्यावी लागते, ती त्यानं दिली होती, परवानाही काढला होता. आमच्या घरी या उद्योगाबद्दल बायकोचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "ज्यानं कधी सुरमई चाखली नाही तो बर्फातून मासे काढणार," असं म्हणून ती दर शनिवारी माझ्या हातात पोळीभाजीचे दोन डबे द्यायची, एक माझा आणि एक त्याचा.

मी कशासाठी जात होतो ते सांगतो. मला माशांशी देणंघेणं नव्हतं. मला मित्र इथे राहायला हवा होता.

तो गाड्यांची सस्पेन्शन डिझाइन करायचा. वसंतात त्याचा विभागच बंद झाला. हातात वर्षभर पुरतील एवढे पैसे देऊन कंपनीनं सगळ्यांना घरी पाठवलं. मुलीचं शाळेचं वर्ष वाया जायला नको म्हणून त्याची बायको तिला घेऊन जूनमध्ये पुण्याला गेली. त्याला इथे नोकरी मिळाली तर त्या दोघी परत येणार, नाही मिळाली तर तो जाणार, असं नवराबायकोत ठरलं होतं. निदान मला तरी त्यानं तेवढंच सांगितलं होतं.

या देशात मला माणसं कमी नाहीत. ऑफिसात बाराच्या ठोक्याला "माल्त्साइट" म्हणत एकत्र जेवणारे आहेत, गणपतीत भेटणारे आहेत, दिवाळीला चकल्यांचा डबा पाठवणारे आहेत. पण ज्याच्याशी मोकळेपणी भांडता येतं आणि दुसऱ्या दिवशी काहीच न झाल्यासारखा फोन करता येतो, असा तो एकटाच. पन्नाशीच्या दारात असा माणूस नव्यानं मिळत नाही. म्हणून मी रोज सकाळी एस-बानच्या लोकलमध्ये बसल्या बसल्या त्याच्यासाठी नोकऱ्यांच्या जाहिराती शोधायचो आणि त्याला पाठवायचो. कार्ल्सरूहेची पाठवली, श्टुटगार्टची पाठवली. वाल्डॉर्फची एक होती, ती त्याच्या कामाची नव्हती, तरी पाठवली. त्याच्याकडून उत्तर म्हणून रिव्हेटचा फोटो यायचा. खाली लिहिलेलं असायचं, "बघ, किती स्वच्छ बसलाय." पालथ्या घड्यावर पाणी.

"अर्ज केलास का?" मी शनिवारी विचारायचो.

"करतो रे. ही चौकट होऊ दे."

चौकट झाली. मग छप्पर होऊ दे, मग खिडकी होऊ दे. मला वाटायचं, हे घर हेच त्याच्या गळ्यातलं लोढणं आहे. एकदा का हे पूर्ण झालं की त्याला दुसरं निमित्त उरणार नाही, मग तो लॅपटॉप उघडून बसेल. त्यामुळे मला घर लवकरात लवकर संपवायचं होतं. मी सॉफ्टवेअरवाला. माझी अक्कल टॉर्च धरणे आणि फळीचं दुसरं टोक उचलणे इथवरच, पण घाई करायला अक्कल लागत नाही.

इथे घर नुसतं बांधून भागत नाही. ट्रेलरवर कायमचं काही बसवलंत की ते तपासून घ्यावं लागतं. प्रुफर, म्हणजे तपासनीस, ट्रेलरखाली वाकून बघतो, त्याला पटलं तर पास करतो, आणि मग नंबरप्लेटवर ते छोटं गोल स्टिकर, प्लाकेटे, लागतं. त्याशिवाय, तपासणीला नेण्यापुरतं सोडलं तर, रस्त्यावर आणायचं नाही. पहिल्या तपासणीला मित्र इस्त्रीचा शर्ट घालून आला. चाकं वर घ्यायची यंत्रणा त्यानं स्वतः डिझाइन केली होती आणि ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घेतली होती. प्रुफर बाईंनी खाली वाकून पाहिलं, मान हलवली. "आल्झो, तशी सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "पण हिला कागद नाहीत." धुऱ्याला, म्हणजे चाकांच्या आसाला, हात लावलात तर तो भाग मान्यताप्राप्तच हवा. आमचं घर नापास.

मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तयार खाली-वर होणारा धुरा बाजारात मिळतो, कागदांसकट. त्या वेळी त्यानं मला उडवून लावलं होतं. "घासफूस खाणाऱ्यांनी सस्पेन्शनमध्ये नाक खुपसू नये," असं म्हणाला होता. आता परतीच्या वाटेवर तो म्हणतो कसा, "तयार धुरा मागवूया, तेच बरं." मी स्टीअरिंग घट्ट धरलं.

धुरा यायला महिना लागला. तो बसवला तोवर आल्प्सच्या पायथ्याशी बर्फ पडायला लागला होता. दुसऱ्या तपासणीत बाकी सगळं जमलं, पण खिडकी अडली. तिच्यावर मान्यतेचा शिक्का नव्हता. शिक्का असलेल्या खिडक्या दुकानात रचून ठेवलेल्या असतात, आम्ही त्या जाऊन बघितल्याही होत्या. त्यानं मुद्दाम मोडीत निघालेल्या कॅरॅव्हॅनची एक जुनी खिडकी आणून, घासूनपुसून बसवली होती. "हिची काच बघ, अशी आता बनवत नाहीत," म्हणाला होता. ज्या माणसानं आयुष्यभर गाड्यांचे भाग मंजूर करून घेतले त्याला एका खिडकीवरचा शिक्का दिसू नये? मला रडू येईल इतकी चीड आली. रविवारी शेडमध्ये काम करायची सोय नाही, कारण रविवारी ड्रिलचा आवाज शेडच्या मालकीण असलेल्या शेतकरीण बाईंना चालत नाही. म्हणजे पुन्हा पुढच्या शनिवारची वाट बघणं आलं.

त्या आठवड्यात मी ऑफिसात बसून नियम वाचत राहिलो आणि मला पळवाट सापडली. खोली जर सांगाड्याला कायमची न जोडता पट्ट्यांनी बांधून ठेवली, तर तिला घर म्हणत नाहीत, सामान म्हणतात. कपाट नेतो तशी ती न्यायची. सामानाला तपासणी नाही, खिडकीला शिक्का नको. आठ बोल्ट काढायचे, चार पट्टे बांधायचे, दुपारपर्यंत काम संपतंय. शनिवारी मी जवळजवळ धावतच शेडमध्ये शिरलो आणि त्याला हे सांगितलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नको. नीट करूया."

"अरे, हे पण नीटच आहे. कायदेशीर आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर, कायदेशीर आहे. पण मला सामान नाही न्यायचं. मला घर पास करून घ्यायचंय."

मग मात्र माझा तोल गेला. मी त्याला काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. तुला संपवायचंच नाहीये, म्हणालो. तुला नोकरी शोधायची भीती वाटते म्हणून तू या खोक्यात तोंड लपवून बसलायस, म्हणालो. तिकडे पोर रोज व्हिडिओवर विचारते बाबा कधी भेटणार आणि तू इथे खिडक्या घासतोयस, म्हणालो. हे शेवटचं बोलायला नको होतं, हे तोंडातून निघतानाच कळलं. पण मला खरोखर असह्य झालं होतं.

त्यानं डबा उघडला. डब्यातून पोळीभाजी काढली, एका फळीवर बसून सगळी संपवली, हात पुसले. मग म्हणाला, "बरं. तू म्हणतोस तर संपवू."

आणि संपवलं. जे महिनोन्‌महिने रेंगाळत होतं ते दोन शनिवारांत झालं. शिक्क्याची खिडकी आली आणि बसली. पातळ प्लायची भिंत बंद झाली ती पुन्हा उघडली नाही. भिंतीच्या कामासाठी काढून ठेवलेले मागचे दिवे, चाकांवरचे मडगार्ड, रिफ्लेक्टर, सगळं त्यानं एका दमात, काही न विसरता परत बसवलं. मी टॉर्च धरून बघत राहिलो. हा माणूस इतका भराभर काम करू शकतो हे मी विसरूनच गेलो होतो. मनात म्हटलं, माणसाला कधीकधी खडसवावंच लागतं.

तिसऱ्या तपासणीला त्याच प्रुफर बाई होत्या. चाकं खाली-वर करून बघितली, दिवे बघितले, खिडकीवर बोट ठेवलं. पास. मी भर थंडीत टोपी काढून त्यांच्याशी हात मिळवला. मित्रानंही मिळवला, पण बराच वेळ सोडला नाही. "पुढच्या तपासणीला भेटू," असं त्या म्हणाल्या. त्यावर तो नुसता हसला.

नवं प्लाकेटे लावून आम्ही परत निघालो. मी चालवत होतो, मागे घर शहाण्यासारखं येत होतं. मी फार खुशीत होतो. तळ्यावर बर्फ धरायला लागलाय, आठवडाभर अशीच थंडी राहिली तर उतरता येईल, असं काहीबाही बोलत होतो. मग म्हणालो, "आणि सोमवारपासून अर्ज. आता सबब चालणार नाही."

"गुरुवारचं तिकीट आहे," तो म्हणाला.

"कुठलं?"

"पुण्याचं. आल्झो, म्हणजे मुंबईचं, तिथून टॅक्सी."

मला वाटलं भेटायला चाललाय. किती दिवसांसाठी, असं मी विचारलं. तो खिडकीबाहेर बघत होता. परत यायचं नाही, हे दोघांचं ऑगस्टमध्येच ठरलं होतं, त्यानं सांगितलं. बायकोला तिकडे चांगली नोकरी लागली होती, मुलगी रुळली होती. त्यानंही पुण्यातलं एक काम धरलं होतं, ते लोक थांबायला तयार होते. बायकोकडे त्यानं एकच गोष्ट मागून घेतली होती, की हे घर पास होईपर्यंत मी इथे राहतो. पास झालं की निघतो.

मी पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी घातली आणि उभी केली. धुरा, खिडकी, तीनदा उघडलेली भिंत, ज्या ज्या गोष्टीला मी शिव्या घातल्या होत्या ती प्रत्येक गोष्ट त्याला इथे धरून होती. आणि त्या एकेक करून सोडवण्यासाठी सगळ्यांत जास्त हात-पाय आपटले होते ते मी. मला त्याचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांत आला नव्हता इतका.

"मला सांगायचं नाही?" मी म्हणालो. "एवढी घाई केली नसती मी. सावकाश केलं असतं. दिवाही लावू दिला नसता तुला."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच नाही सांगितलं. मी एकटा लांबवत होतो तेवढंच खूप होतं. तूही लांबवायला लागला असतास तर मी गेलोच नसतो."