मेहुणीच्या थांब्यावरची गुलाबी झुडपं

"दाजी, तुमची फुलं झ्याक हायेत, पर निळी तर आख्ख्या साव मिगेल बेटावर हायेत की," झुल्मिरा गाडीतून न उतरताच म्हणाली. "चर्चच्या दारापुढं औंदा गुलाबी घालायची म्हणत्यात बाया."

एर्मिनियुनं हातातली कात्री थांबवली नाही. "गुलाबी? ताप चढल्यावानी दिसत्यात ती."

झुल्मिरा त्याच्या बायकोची धाकटी बहीण. कड्याकाठच्या रस्त्यावरचे, गाडी थांबवून समुद्र बघायचे दोन थांबे पंचायतीनं या दोघांना सांभाळायला दिलेले. थोरला एर्मिनियुकडं. खाली काळा कातळ, त्यावर फुटणारा समुद्र, वर गेंदांनी फुलणाऱ्या हायड्रेंजियाच्या झुडपांची कुंपणं आणि दगडी चुली. रविवारी माणसं तिथं बांगडे भाजायला यायची. झुल्मिराचा थांबा पुढच्या वळणावर, जेमतेम अंगणाएवढा.

उन्हाळ्यातल्या मिरवणुकीला गावच्या रस्त्यावर फुलांचा गालिचा पडतो. चर्चच्या दारापुढचा तुकडा एर्मिनियुच्या फुलांचा. पाद्रीबाबाचा पाय पहिल्यांदा पडायचा तो त्याच्या निळ्यावर. लग्नाआधीपासून हा मान त्याचा होता आणि दुसऱ्या कशासाठी त्यानं कधी मान वर केली नव्हती.

मग एका साली झुल्मिराची झुडपं त्याच्याहून गडद निळी फुलली. घरात बायको, ओदेत, जेवताना तेवढंच बोलायची. एर्मिनियुच्या घशाखाली मक्याची भाकरी उतरेना. कामावर जाताना तो वळणावर गाडी हळू करायचा, एकेक गेंद डोळ्यांनी मापायचा आणि दिवसभर धुमसायचा.

त्या हिवाळ्यात कडा धुक्यात बुडाला की तो चुलींतली राख पोत्यात भरून तिच्या थांब्यावर न्यायचा, झुडपांच्या बुडाशी ओतून कुदळीनं मिसळायचा. राखेनं निळं फूल गुलाबी होतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि निळ्या बेटावर गुलाबी झुडूप म्हणजे दुखणाईत झुडूप, त्याची फुलं चर्चपुढं कोण घालतंय?

पुढच्या उन्हाळ्यात तिची फुलं पांढुरकी, मेल्या रंगाची आली. लोक हसले. त्या दिवशी एर्मिनियु दोन वाट्या रस्सा जास्त प्याला. खात्री असावी म्हणून पुढच्या हिवाळ्यातही त्यानं राख ओतली.

औंदा मात्र ती फुलली पेरूच्या गरासारखी. बसगाड्या तिथं थांबायला लागल्या. पाहुणे समुद्राकडं पाठ करून झुडपांचे फोटो काढत. त्याच्या थांब्यावर ते मुतायपुरते उतरत.

आता झुल्मिरा गाडीतून उतरली. मागच्या फळीवरून एक रिकामं पोतं ओढून तिनं त्याच्या पायाशी टाकलं. तोंडाला त्याचीच निळी दोरी, त्याचीच गाठ.

"माझ्या बांधावर इसरला हुतासा," ती म्हणाली.

कात्री थांबली. त्यानं विचारलं, "ओदेतला सांगितलंस?"

"काय सांगू? दाजी माझ्या झाडांचं लई करत्यात म्हणून?" तिनं हात झटकले. "हे बघा, माझ्याकडं चूल एकच. राख पुरत न्हाई. पुढल्या वर्साला रंग उतरंल. दर सोमवारी भरून आणा. आन् उजेडी आणा, धुक्यात पाय घसरून खाली गेलासा तर आक्काला काय तोंड दावू?"

"आन् दारापुढं?"

"दारापुढं गुलाबी. कडंनं निळी लावा म्हटलंय मी. तुमची."

कडेनं. पाद्रीबाबाचा पाय कडेला कशाला जातोय? एर्मिनियुच्या मनात तेवढंच घोळत राहिलं. तिची गाडी वळणाआड गेली तरी तो तिकडंच बघत होता. तिथं एक बस थांबली होती.

मग त्यानं पोतं उचललं, झटकलं आणि चुलींकडं गेला. कालची राख आतून अजून कोमट होती. बांगड्यांचे काटे वेचून बाजूला टाकत त्यानं फावडं घातलं.