हिरवळीवरची भाजी

गोल्फच्या मैदानाची देखभाल करायची नोकरी मिळाली, असं मी गावी सांगितलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "पीक कोन्तं घेतेत तिथं?" गवत, म्हटलं. "मंग गुरं असतीन." गुरं नाहीत, साहेब असतात, म्हटलं.  वडिलांनी जन्मभर कपाशीतलं गवत उपटलं होतं, आणि पोरगा शेतकी कॉलेजात शिकून गवत लावायला भिलाईला निघाला होता.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. छत्तीसगड तेव्हा मध्यप्रदेशातच होतं. मैदान पोलाद कारखान्याच्या अधिकाऱ्यांच्या एका क्लबाचं, नऊ भोकांचं. आम्ही नवराबायको सेक्टर दहाच्या टोकाला एका बंगल्यामागच्या आउटहाउसमध्ये राहत होतो. सासरे चरोद्याला रेल्वेत, त्यामुळे बायकोला माहेर हाकेच्या अंतरावर होतं. ज्या पावसाळ्याचं सांगतो आहे, तेव्हा तिला पाचवा महिना लागला होता.

मी आलो तेव्हा मैदानावर हिरवळ अशी नव्हतीच. चेंडू शेवटी ज्या भोकात ढकलतात, त्याच्याभोवती वाळूत जळकं ऑइल कालवून दाबलेली काळपट चकती असे. तिला 'ब्राउन' म्हणत. पाणी नको, कापणी नको. फक्त पावसात ते तेल वाहून खालच्या तळ्यावर इंद्रधनुष्यासारखं पसरायचं आणि म्हशी पाण्यात उतरायला कुरकुरायच्या. मी ती वाळू उपसून टाकली आणि दोन वर्षांत नऊच्या नऊ ठिकाणी दुर्वा लावली. शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली. टाउनशिपच्या नाल्याचं पाणी दोन खड्ड्यांत निवळून तेच उन्हाळ्यात फिरवलं. लांबच्या गवतात गावची गुरं चरू दिली, म्हणजे मशीन फिरवायला नको. औषधाचा एक थेंब मी तिथं पडू दिला नव्हता. याचा मला गर्व होता, आणि तो मी कुणी न विचारताही सांगत असे.

पण खरी हिरवळ राखली ती अकरा बायांनी. त्या जुनवानीहून चालत यायच्या. जुनवानी तेव्हा निव्वळ गाव होतं. हिरवळीवर एका रांगेत उकिडव्या बसून खुरप्यानं तण काढत त्या पुढे पुढे सरकत. त्यांच्या म्होरकीला सगळे 'दाई' म्हणत, मीही. वय साठीचं, अंगानं काडी, आणि जीभ अशी की क्लबचे सेक्रेटरीसाहेबही तिच्यापासून चार पावलं लांबून जात. पावसाळ्यात हिरवळीत घोळ फार माजते. आपण जिची भाजी करतो तीच घोळ, त्यांच्याकडे तिला नोनिया म्हणतात. बाया ती फेकत नसत. उपटली की ओटीत, आणि संध्याकाळी चुलीवर. जाताना दाई एक मूठ आमच्या दारात ठेवून जाई. बायको डाळ घालून ती भाजी करायची आणि म्हणायची, "साहेब लोकं वरतून चेंडू मारतेत अन् आपुन खालून मैदान खाऊन राहिलो."

त्या वर्षी पोळ्याच्या आधी हिरवळीवर पिवळे ठिपके दिसायला लागले. चार दिवसांत त्यांचे ताटाएवढे चट्टे झाले. गवत धरून ओढलं की गोधडीची घडी उचलावी तसं हातात येई; मुळंच नव्हती. खाली पांढऱ्या, वाकड्या, बोटाएवढ्या अळ्या. हुमणी! साळुंक्या आणि बगळे दिवसभर तिथं टोचत बसलेले असत.

रविवारी क्लबात मोठी मॅच होती. दिल्लीहून पाहुणे यायचे होते. सेक्रेटरीसाहेबांनी बूट आपटून एक चट्टा उलटा केला आणि मला म्हणाले, "संडे तक मुझे ये नहीं दिखना चाहिए." त्यांना गवताचं शेंडा-बूड कळत नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकायला ते लागत नाही.

दाईनं उपाय सांगितला. "पानी भर दे साहेब. कीरा ऊपर आही. कुछु ला चिरई खाही, कुछु ला हमन बीन देबो." पाणी तुंबवायचं, अळ्या वर येतील, काही पक्षी खातील, उरलेल्या आम्ही वेचू. उपाय बरोबर होता. पुस्तकातही तोच होता. पण त्याला दहा-बारा दिवस लागले असते आणि मैदानाचा चिखल झाला असता. बुधवार उजाडला होता.

माझ्याजवळ एंड्रीन या जहाल कीटकनाशकाचा डबा होता. कपाशीच्या मुलखातला माणूस जिथं जाईल तिथं ते घेऊन जातो, जशी कुणी हळद नेतं. लागेलच कधी, म्हणून मी तो गावाहून आणून पंपहाउसमध्ये कुलपात ठेवला होता. ते काय असतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या गावात घरात नवी सून आली की सासू आधी तो डबा कुलपात टाकायची. तो उघडल्यावर येणारा वास ज्यानं एकदा घेतला, तो विसरत नाही.

मी सेक्रेटरीसाहेबांना म्हटलं, औषध मारतो, पण आठ दिवस बायांना हिरवळीवर बसवता येणार नाही. ते म्हणाले, मॅचच्या आधी तण कोण काढणार? मग म्हणाले, "किसी को डराने की ज़रूरत नहीं." एवढंच. खोटं बोल असं ते म्हणाले नाहीत. पुढचं मी माझ्या डोक्यानं केलं.

गुरुवारी पहाटे उजाडता उजाडता मी एकट्यानं पाठीवर पंप घेऊन पाच हिरवळी भिजवल्या. अळ्या मुळाशी असतात म्हणून हात सोडून मारलं. सातच्या सुमारास साळुंक्या उतरल्या, नेहमीसारख्या. मी पंप धुऊन परत आलो तेव्हा सात-आठ आडव्या पडल्या होत्या. एक अजून जिवंत होती. तिच्या पंखांना झटके येत होते आणि ती एकाच जागी गोल गोल फिरत होती. एक बगळा तळ्याच्या बाजूला मान वाकडी करून बसला होता. मी जवळ गेलो तरी उडाला नाही. बाया यायच्या आत मी ते सगळं चेंडू अडवायला मुद्दाम केलेल्या बाजूच्या वाळूच्या खड्ड्यात पुरलं आणि वरून दाताळं फिरवून वाळू सारखी केली.  

आठाला बाया आल्या आणि रांगेत बसल्या. दाईनं नाक वर केलं.

"ये का डारे हस साहेब? बस्साथे."

"खातू ए, दाई." खत आहे, म्हटलं.

"खातू ह अइसने नइ बस्सावय." खताला असा वास येत नाही, म्हणत तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग आभाळाकडे. "आज चिरई मन घलो नइ दिखत हें." आज पक्षीही दिसत नाहीत.

मी पावसाचं काहीतरी बोललो आणि पंपहाउसकडे निघालो. मागे वळून पाहिलं तर अकरा पाठी वाकलेल्या, अनवाणी पाय त्या ओल्या गवतात, आणि हात ओटीकडे जात होते. तिथून एक हाक मारली असती तर पुरे होतं. मी हाक मारली नाही.

दुपारी जेवायला घरी आलो आणि पाय धुवायच्या आधी बायकोला सांगितलं, आठ दिवस दाईकडून भाजी घ्यायची नाही.

"कावून?"

"औषध मारलं आहे."

"अन् त्या बाया?"

"त्यांना सांगितलंय," मी म्हणालो.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शाळेत असल्यापासून दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो. त्या दिवशी तीच म्हण माझ्या घरात जेवायला बसली होती, आणि तरी मी पोटभर जेवलो.

संध्याकाळी क्लबात खुर्च्या मोजून घरी आलो तर बायको दारातच उभी होती. चेहरा उतरलेला. दाई येऊन गेली होती. नेहमीसारखी मूठभर भाजी घेऊन. बायको तिला म्हणाली, नको, साहेबांनी आठ दिवस मना केलं आहे. दाईला कळेना. तेव्हा माझ्या बायकोनं साध्या मनानं विचारलं, "दाई, औषध मारलं ना वो तिथं! तुमाले सांगतलं नाही का?"

"ते भाजी तशीच खाली पडली," बायको म्हणाली. "म्हातारी पळत गेली. मी तुमाले विचारून राहिली, तुमी सांगतलं होतं ना?"

 दाराच्या कोपऱ्यात ती भाजी पडलेली होती. मी ती कागदानं उचलून खड्डा करून पुरली. एका दिवसात दुसऱ्यांदा मी पुरायचं काम करत होतो. जुनवानी सायकलनं अर्ध्या तासावर. मी सायकल बाहेर काढलीही, मग हवा कमी आहे असं ठरवून परत भिंतीला लावली. दाई सांगेलच सगळ्यांना, तिचं गाव आहे, मी जाऊन वेगळं काय करणार? असली कारणं मला त्या संध्याकाळी एकामागून एक सुचत गेली.  बायकोनं पोटावर हात ठेवला होता आणि ती माझ्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होती.

सकाळी साडेपाचला कडी वाजली. दाई होती. तिच्या पायांना पोटरीपर्यंत चिखल लागलेला.

तिनं स्वतःची धरून दहाजणींच्या चुलीवरचं उतरवलं होतं. अकरावी राहिली. ती बायांतली सगळ्यात लहान, अंगावर पिणारं मूल असलेली. मुलासाठी ती रोज तासभर आधी सुटायची, त्यामुळे दाई पोचायच्या आत तिचं रांधून जेवून झालं होतं. आधी ओकाऱ्या झाल्या, मग झटके सुरू झाले. तिला खाटेवर घालून हॉस्पिटलात नेलं होतं.

"डाक्टर ह पूछथे, का खाये हे. हमन कहेन, खातू वाले भाजी. ओ कहिथे, खातू ले झटका नइ आवय." डॉक्टर विचारतो आहे, खतानं झटके येत नाहीत म्हणतो आहे, आणि औषध म्हटलं तर कोणतं ते यांना सांगता येत नाही. दाईचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "का डारे रहे साहेब? नाव बता."

मी उभाच राहिलो. सेक्रेटरीसाहेब, दिल्लीचे पाहुणे, नोकरी, पोलीस, पाचवा महिना, सगळं त्या दारात माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. किती वेळ गेला ते माहीत नाही. फार नसेल. पण तेवढ्या वेळात दाईनं माझ्या खांद्यावरून आत, माझ्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाली, "अपन घर मा मना करे. हमर घर मा काबर नइ करे?" आमच्या घरात का नाही केलंस?

मागून बायकोचा आवाज आला. "जाता का मी जाऊ?"

मी गेलो. दाईला सायकलवर मागे बसवलं आणि हॉस्पिटलापर्यंत एकदाही थांबलो नाही.  तरुण डॉक्टर होता, रात्रभर जागा. मी त्याला बाजूला घेऊन सांगायला लागलो, तर तो ओरडला, "ज़ोर से बोलिए, नाम क्या है?" मी नाव घेतलं. कॉरिडॉरमध्ये बसलेल्या तिच्या घरच्यांसमोर घेतलं. त्यांना ते नाव कळलं नाही. डॉक्टरला कळलं. तो नर्सला काहीतरी सांगत आत धावला, आणि परत येऊन म्हणाला, बाळाला आईचं दूध पाजलं का? पाजलं नव्हतं. दाईनं भाजी पाहताक्षणी मूल तिच्या मांडीवरून ओढून घेतलं होतं.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. दोन वेळा तिला पुन्हा झटके आले. मी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसून राहायचो. आत काही पडल्याचा आवाज झाला की मी उठून दारापर्यंत जायचो. मैदानावरच्या पाच हिरवळी आता छान दिसत होत्या, असं सेक्रेटरीसाहेबांनी शिपायाकरवी कळवलं. रविवारी ये, पाहुण्यांना भेटवतो, असाही निरोप होता. मी गेलो नाही. लोकांना वाटलं, किती भला माणूस, मजुरणीसाठी मॅच सोडली.

रविवारी दुपारी ती उठून बसली. पाणी मागितलं, मग मूल मागितलं. तिची सासू बाहेर आली. हडकुळी, डोक्यावरून पदर घेतलेली, मला आधी कधी न पाहिलेली बाई. तिला एवढंच कळलं होतं की डॉक्टर अडला होता आणि या साहेबानं येऊन विषाचं नाव सांगितलं. ती तडक माझ्याकडे आली. "तैं नाव बताये साहेब, तभे मोर बहू बाँचिस," म्हणाली, आणि खाली वाकून तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

दाई मूल कडेवर घेऊन तिथंच, दोन हात अंतरावर उभी होती. एका वाक्यात ती सगळं सांगू शकली असती. ती बोलली नाही. माझ्याकडे नुसतं पाहत राहिली, मी काय करतो ते.

मी पाय मागे घेतले नाहीत.